नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळत नाही

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाल्यावर शाळा सुटली, आणि त्यानंतर चारचौघींत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. "तुमच्या घरात जे घडले तेच सांगा, वेगळे काही नको," असे चिटणीसबाई म्हणाल्या म्हणून उभी राहिले आहे. मी शास्त्रातले जे सांगेन ते घाटीतल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून दिलेले आणि माझ्या थोरल्या मुलीने पुस्तकातून वाचून दाखवलेले आहे. ती औषधशास्त्राची पदविका करते. सांगण्यात कुठे चूक झाली तर ती माझ्या समजुतीची समजा.

विषय नागिणीचा आहे. सणाच्या दिवशी हा कसला विषय, असे कोणाला वाटेल. पण आपण इतक्याजणी पुन्हा वर्षभर एका जागी येत नाही.

२०२३ सालची गोष्ट. तुळशीचे लग्न झाले आणि दोन-तीन दिवसांनी सासूबाईंच्या उजव्या कुशीत दुखू लागले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आणि साखरेचा आजार जुना. दुखणे कसे, तर आत कोणी विस्तव ठेवावा तसे. वरून पाहावे तर काहीच नाही. नुसता पदर घासला तरी "अगं माय" म्हणून ओरडत. मी ओवा-मीठ दिले, तेल चोळले, गरम पाण्याची पिशवी ठेवली. दीर म्हणाले, मुतखडा असेल. कोणी म्हणाले, गॅस धरला असेल. तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना मी त्यांची पाठ पाहिली. मणक्यापासून निघून बगलेच्या खालून पोटाकडे लाल पट्टा गेला होता, आणि त्याच्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस. शेजारच्या आजींना बोलावले. त्यांनी पाहिले, तोंडाला पदर लावला आणि हळूच म्हणाल्या, "नागीण हाय ही. तोंड पुढं सरकाया लागलंय."

पुढचे वाक्य त्यांना बोलावे लागले नाही, कारण ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नागिणीने अंगाला पुरा विळखा घातला, तोंडाला शेपूट मिळाली, की माणूस संपला. मी लहानपणापासून हेच ऐकले होते. त्या रात्री मी दोनदा उठून, बॅटरी लावून, तोंड कुठपर्यंत आले ते पाहिले.

आता माझी चूक सांगते. घरात घाटीचे नाव निघाले होते. आपल्या बेगमपुऱ्यातून घाटी म्हणजे पायी जाण्याजोगी. १९५६ साली इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि आज अख्ख्या मराठवाड्यातून लोक दुखणी घेऊन तिथे येतात. तेच दवाखाना उशाशी असताना मी म्हटले, "आधी उतरवून आणू, मग बघू." मीच म्हटले, दुसऱ्या कोणी नाही. फुलंब्रीच्या पुढे एका खेड्यात नागीण उतरवणारे एक म्हातारे बाबा आहेत असे ऐकले होते. काळीपिवळीत सासूबाईंना मधे बसवून आम्ही तिकडे गेलो. प्रत्येक खड्ड्याला त्या माझा दंड आवळून धरत. बाबांनी मंत्र म्हटला, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ ओढली, म्हणजे नागिणीने ती ओलांडायची नाही, आणि एक दिवसाआड तीन वाऱ्या करायला सांगितल्या. सुई टोचून घ्यायची नाही, अंगाला पाणी लावायचे नाही. पैसे काही घेतले नाहीत, एक नारळ घेतला. त्या बाबांना मी आजही बोल लावीत नाही. त्यांचा लोभ नव्हता, आणि त्यांच्या हातून माणसे बरी होतात असे त्यांना स्वतःलाही वाटत असेल. ते तसे का वाटते, हे पुढे सांगते.

घरी आल्यावर आम्ही सासूबाईंना मागच्या खोलीत ठेवले. ताट वेगळे, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळे. माझा मुलगा आजीच्या कुशीत निजणारा. त्याला उंबऱ्याच्या आत जायची बंदी. मी ताट दाराशी ठेवून हाक मारायची. सासूबाई काही बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मला काय महारोग झालाय का गं?" मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. (महारोग्यालासुद्धा असे वागवायचे नसते, हे आता कळते.)

पण फोडांना गेरू कोणी लावायचा? कपडे कोणी धुवायचे? मला मुलांचे डबे होते म्हणून ते काम धाकट्या जाऊबाईंकडे आले. त्यांना पाचवा महिना चालू होता.

फोड उठल्याच्या पाचव्या दिवशी, तिसरी वारी व्हायच्या आत, सासूबाईंना ताप भरला आणि दोन फोडांत पू झालेला दिसला. दिरांनी कोणाला न विचारता रिक्षा आणली. घाटीत केसपेपर काढून आम्ही चामड्याच्या रोगांच्या विभागात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण पाहणे सावकाश. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फोड येऊन किती दिवस झाले?" मी सांगितले, पाच. त्यांनी पेन खाली ठेवले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या बाहत्तर तासांत आला असता तर बरे झाले असते."

दुसरा प्रश्न विचारला, "घरात गरोदर बाई आहे का? तान्हे मूल आहे का?" जाऊबाई माझ्या मागेच उभ्या होत्या, हातात जेवणाचा डबा घेऊन. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" जाऊबाईंना आठवेना. त्यांचे माहेर वैजापूरकडचे. आईला फोन लावला तर लागेना. ती लग्नाला परगावी गेलेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लिहून दिले. म्हणाल्या, "कांजिण्या झाल्या असतील तर भीती नाही. नसतील तर एक इंजेक्शन देता येते, पण ते ठराविक दिवसांतच." ती रात्र मी कशी काढली ते मला ठाऊक. दीर अंगणात येरझाऱ्या घालीत होते, आणि कोणीच मला दोष देत नव्हते. दिला असता तर बरे वाटले असते. सकाळी आईचा फोन आला. जाऊबाई दुसरीत असताना त्यांना भरपूर कांजिण्या निघाल्या होत्या, कडुनिंबाच्या पाल्यावर आठ दिवस निजवले होते. दोन दिवसांनी रक्ताच्या कागदाने तेच सांगितले. मी देवापुढे साखर ठेवली.

तुम्ही म्हणाल, नागिणीत कांजिण्यांचा काय संबंध? मीही हेच विचारले, आणि खरे सांगायचे तर सगळा उलगडा इथेच आहे. कांजिण्या आणि नागीण ही दोन दुखणी नव्हेत. एकाच विषाणूचे हे दोन खेळ आहेत. लहानपणी कांजिण्या येतात, खपल्या पडतात, आपण म्हणतो बाई गेल्या, आणि डोक्यावरून पाणी घालतो. पण त्या पुऱ्या जात नाहीत. तो विषाणू पाठीच्या कण्याजवळ, मज्जातंतूंच्या मुळाशी ज्या बारीक गाठी असतात त्यांत जाऊन निजतो. वीस वर्षे, चाळीस वर्षे, साठ वर्षे. सासूबाईंना कांजिण्या झाल्या तेव्हा त्या परकर-पोलके नेसत होत्या. तेव्हापासून तो त्यांच्या अंगात होता. त्यांचे लग्न झाले, चार बाळंतपणे झाली, सासरे गेले, तरी तो उठला नाही. वय वाढले, साखर वाढली, अंगातला पहारा ढिला पडला, तेव्हा उठला आणि त्या एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर आला. म्हणून आधी दुखते आणि मग फोड येतात. आग आतल्या तारेला लागलेली असते.

पहारा ढिला पडायची कारणे पुष्कळ. पन्नाशीनंतरचे वय हे मोठे कारण. मधुमेह, कॅन्सर व त्याची औषधे, बरेच दिवस घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, मोठे आजारपण. तरुण माणसाला नागीण झाली तर डॉक्टर कधी कधी एच.आय.व्ही.ची तपासणीही करायला सांगतात. त्यात अपमान वाटून घेऊ नये, ती काळजी असते. आणि कधी कधी काहीच कारण सापडत नाही. सासूबाईंना वाटे की आपल्याला लहानपणी दंडावर देवीची टोचणी झालेली, मग हे कसे आले? तर देवीचा रोग अगदी वेगळा. तो १९८० साली साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. कांजिण्यांशी त्याचे नाते नाही.

आता त्या विळख्याविषयी. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पाठीचा कणा काढला, आणि त्याच्या दोन बाजूंना बरगड्यांसारख्या रेघा ओढल्या. प्रत्येक मणक्यापाशी डावीकडचा मज्जातंतू वेगळा निघतो, उजवीकडचा वेगळा. उजवीकडचा पाठीतून निघून पोटाच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे संपतो. नागीण बहुतेक वेळा एकाच तंतूच्या वाटेने चालते, म्हणून ती अर्ध्या अंगावर थांबते. पुढे तिला रस्ताच नाही. तोंड आणि शेपूट मिळायचे तर दोन्ही बाजूंचे तंतू एकाच वेळी पेटावे लागतील, आणि ते फारच क्वचित होते. झाले तरी त्या विळख्याने कोणी मरत नाही. फोड अंगभर दूरदूर पसरले तर मात्र ते गंभीर समजावे, कारण पहारा फारच ढिला पडला असा त्याचा अर्थ होतो. मी बॅटरी लावून पाहत होते ते तोंड पुढे जाणारच नव्हते, गेरूची रेघ असो की नसो.

बाबांच्या हातून माणसे बरी का होतात, तेही इथेच कळते. नागीण आपली आपण वाळते. नवे फोड तीन ते पाच दिवस येतात, आठ-दहा दिवसांत खपली धरू लागतात, आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी मोकळी होते. तीन वाऱ्या झाल्या की खपली धरायची वेळ येतेच. मंत्र म्हणा, गेरू लावा, की काहीच करू नका. म्हणून यश त्या बाबांच्या पदरात पडते. पण फोड वाळले म्हणजे दुखणे गेले असे नाही, आणि पुढच्या ठणक्यासाठी कोणी फुलंब्रीला परत जात नाही. त्यामुळे तो हिशेब कोणी मांडीतच नाही. शिवाय गेरू म्हणजे शेवटी माती. ती उघड्या फोडांवर थापल्यावर पू होणारच.

लागण कशी होते, याबद्दल आपली सगळी समजूत उलटी आहे. नागीण एकाची दुसऱ्याला लागत नाही. ती ज्याच्या अंगात निजलेली असते त्याचीच उठते. पण फोडातल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो. ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही टोचलेली नाही, अशा माणसाला ते पाणी लागले तर त्याला कांजिण्या होऊ शकतात, नागीण नव्हे. ही गोष्ट आधी घराघरांत पाहूनच कळली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हंगेरी देशातल्या फॉन बोकाय नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की मागोमाग मुलांना कांजिण्या निघतात. पुढे इंग्लंडमधल्या एका लहान गावात साधी डॉक्टरकी करणारे होप-सिम्प्सन यांनी आपल्या रोग्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या, आणि नागीण बाहेरून येत नाही, आतून उठते, हे १९६५ साली लिहून मांडले. मला ह्याचे फार नवल वाटते. मोठी प्रयोगशाळा नाही, काही नाही. फक्त कोणाच्या घरी काय झाले ते नीट लिहून ठेवले.

म्हणजे सासूबाईंचे ताट वेगळे काढायची मुळीच गरज नव्हती. फोड कोरड्या कापडाने झाकले, त्यांचा टॉवेल निराळा ठेवला, हात लावल्यावर साबणाने धुतले, एवढे पुरत होते. सगळे फोड खपलीने बंद झाले की तेवढीही भीती उरत नाही. नातवाला कांजिण्यांची लस टोचलेली होती. तो आजीजवळ बसू शकत होता. दूर ठेवायला हवे होते ते एकाच माणसाला, कांजिण्यांची खात्री होईपर्यंत, आणि तिलाच मी गेरूची वाटी घेऊन आत पाठवीत होते. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईच्या फुप्फुसाला धोका, पहिल्या पाच महिन्यांत पोटातल्या बाळालाही थोडा धोका, आणि अगदी बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतते. आपल्याकडच्या उष्ण मुलखात पुष्कळांना लहानपणी कांजिण्या होतच नाहीत, मोठेपणी होतात. तेव्हा झाल्याच असतील असे धरून चालू नये.

औषधाविषयी थोडे. विषाणूला आवर घालणाऱ्या गोळ्या असतात. सासूबाईंना असायक्लोव्हिर दिली होती. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केली तर चांगला उपयोग होतो. आम्हाला उशीर झाला होता, पण नवे फोड अजून येत होते म्हणून दिली. दिवसातून पाच वेळा घ्यायची. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा, दहा, दोन, सहा, दहा असे लिहून ठेवले, आणि प्रत्येक गोळीबरोबर तांब्याभर पाणी, कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर जाते. हे औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पुढारी एक बाई होत्या, हे मुलीने वाचून दाखवले तेव्हा मी तिला ते पान पुन्हा वाचायला लावले. गर्ट्रूड एलियन त्यांचे नाव, अमेरिकेतल्या. बाई म्हणून त्यांना सुरुवातीला प्रयोगशाळेत कामच मिळेना. डॉक्टरेटही त्यांना पुरी करता आली नाही. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डॉक्टरीणबाईंनी आंघोळीची बंदी काढली. रोज कोमट पाण्याने अंग धुवा, हलक्या हाताने टिपा, सैल सुती कपडा घाला, फोड फोडू नका. आम्ही फोडणी बंद केली होती. ती सुरू करायला सांगितली. साखर मात्र पुन्हा तपासायला लावली, ती चढलेलीच निघाली.

खपल्या मार्गशीर्षात पडल्या. ठणका गेला नाही. ज्यांना नागीण होते त्यांतल्या शंभरांपैकी दहा-पंधरा माणसांना असा ठणका तीन महिन्यांच्या पुढे राहतो, आणि जितके वय जास्त तितका तो जास्त. जळल्यासारखे, सुया टोचल्यासारखे, कधी वीज गेल्यासारखे. सासूबाईंना पंख्याचा वारा सोसत नसे. उन्हाळाभर त्या चोळीशिवाय, नुसते जुने धोतर अंगावर घेऊन बसत. दाराशी कोणी आले की आत जात. आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. साध्या अंगदुखीच्या गोळीने हे दुखणे थांबत नाही. त्याच्यावर मज्जातंतूंच्या वेगळ्या गोळ्या आहेत. त्यांनी झोप लागते, पण भोवळही येते, म्हणून मी रात्री त्यांच्याजवळ निजू लागले. २०२४ च्या गणपतीत त्या पहिल्यांदा आरतीला पूर्ण वेळ उभ्या राहिल्या. दहा महिने गेले. वेळेवर गोळी मिळाली असती तर इतके झाले नसते का? मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "फोड लवकर वाळले असते, सुरुवातीचे दुखणे कमी झाले असते. पुढचा ठणका टळलाच असता असे मी सांगणार नाही." त्यांनी माझी समजूत काढण्यासाठी खोटे सांगितले नाही, हे मला बरे वाटले.

एक गोष्ट विसरू नका. नागीण कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. नाकाच्या शेंड्यावरचा फोड म्हणजे डोळ्यालाही झळ लागण्याची खूण असते, आणि दृष्टी जाऊ शकते. कानात उठली आणि तोंड वाकडे झाले तरी तसेच, थांबू नये.

लस आहे का, असे मघाशी एका मैत्रिणीने विचारले. दोन आहेत. कांजिण्यांची लस ताकाहाशी नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९७४ साली तयार केली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला कांजिण्यांचा फार त्रास झाला होता, त्यावरून त्यांनी ते काम हाती घेतले. ती मुलांना टोचतात. नागिणीची लस निराळी. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी ती २०२३ पासून आपल्या देशात मिळते; दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेळा घ्यायची. महाग आहे, आपल्यासारख्यांच्या घरी विचार करावा लागेल इतकी महाग. नागीण एकदा होऊन गेली तरी पुन्हा होऊ शकते, म्हणून सासूबाईंसाठी आम्ही भिशीचे पैसे बाजूला ठेवले आहेत.

आज घरी गेल्यावर आपापल्या सुना-लेकींना कांजिण्या झाल्या होत्या का ते विचारा, त्यांना आठवत नसेल तर त्यांच्या आईला विचारा, आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. रात्री फोन लागत नाही. मी माझ्याही आईला विचारले. मला चौथीत असताना झाल्या होत्या म्हणे, डाव्या कानामागे अजून वण आहे. म्हणजे नागीण माझ्याही पाठीत निजलेली आहे.

सासूबाई पुढेच बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवर जाऊबाईंची मुलगी आहे, एप्रिलमध्ये झालेली. ती मघापासून रडू लागली आहे, तेव्हा मी थांबते. तिळगूळ आतल्या ताटात ठेवला आहे.